साहेबाला रजा नाही

मोठ्याबाई उंचीने माझ्या खांद्यालाही लागत नसत. कुंभार पिंपळगावच्या शाळेत त्या टेबलामागे बसल्या की बाहेरून बघणाऱ्याला नुसती खुर्चीच दिसे. मग त्या खुर्चीतून आवाज यायचा, "कोन हाय रे तिकडं व्हरांड्यात?" आणि व्हरांड्यातली पोरं, खडू आणायच्या निमित्ताने रेंगाळणारे गुरुजी, एवढंच काय, हापशाजवळच्या ओलीत पसरलेलं कुत्रंसुद्धा उठून उभं राहायचं. मुख्याध्यापिकेला मोठ्या बाई म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. निवृत्तीनंतर खुर्ची जाते तसं हे नावही जायला हवं होतं. यांचं गेलं नाही. पंचफुला हे त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदापुरतं उरलं होतं. त्यांचे यजमानसुद्धा त्यांना 'बाई' म्हणूनच हाक मारत आणि हाक मारताना किंचित उभे राहत.

मी त्यांच्या हाताखाली नवी शिक्षिका म्हणून लागले आणि पहिल्याच महिन्यात रजेचा अर्ज घेऊन त्यांच्यापुढे गेले.

"कशाला पाह्यजे रजा?"

"मावसबहिणीचं लग्न आहे, बाई."

"लग्न तुझं हाय का?"

"नाही."

"नवरी तुझ्या खांद्यावर बसून मांडवात जानार हाय का?"

"नाही, बाई."

"मंग?"

मी अर्ज परत घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो स्वतःकडे ओढला आणि सही करायच्या आधी विचारलं, "रुजू कधी?" मी काहीतरी पुटपुटले. "मोठ्यानं सांग. ऐकू न्हाई आलं." मी दिवस सांगितला. तो माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतला, तेव्हा कुठे सही झाली. "रजा काय, कोनी बी देईल गं," त्या म्हणाल्या. "गेलेलं मानूस परत आननं, ही मुख्याध्यापकाची नोकरी."

हे बोलणं नुसतं तोंडचं नव्हतं. आमच्याच शाळेतले एक गुरुजी पोटदुखीची रजा टाकून गावी गेले आणि ते पोट काही थांबेना. सोयाबीन काढणीचे दिवस होते. मोठ्याबाई एसटीने त्यांच्या गावी गेल्या, पायी बांधावर जाऊन उभ्या राहिल्या आणि हातात विळा घेऊन वाकलेल्या गुरुजींना त्यांनी फार मायेने विचारलं, "पोट कसं हाय, गुरुजी?" दुसऱ्या दिवशी गुरुजी परिपाठाला सगळ्यांच्या आधी हजर होते. पुढे कित्येक महिने कोणी "गुरुजी, पोट?" एवढंच म्हटलं तरी ते वर्गात निघून जायचे.

निवृत्तीनंतर त्या जुन्या जालन्यात येऊन राहिल्या. धान्याच्या ठोक दुकानांमागे एक गल्ली आहे, जिच्यातून एक ऑटो जातो आणि दुसरा समोरून आला तर दोघांचं भांडण जातं. तिथे त्यांचं खाली दोन खोल्या आणि वर एक खोली असं घर होतं. माझी बदली जालन्याजवळच्या शाळेत झाली तेव्हा वरच्या खोलीत मी भाडेकरू म्हणून गेले. त्यामुळे पुढचं सगळं मी जिन्यावरून पाहिलेलं आहे.

पहिल्याच सकाळी थाळीवर चमचा आपटल्याचा आवाज झाला. मला वाटलं, गल्लीत भंगारवाला आला. जिन्यातून डोकावले तर मोठ्याबाई ओट्यावर उभ्या. समोर स्टुलावर स्टीलचा पेला आणि गोळ्यांचा डबा.

"सरपंच!" त्या ओरडल्या आणि स्वतःच म्हणाल्या, "हजर." एक भली मोठी पांढरी गोळी तोंडात गेली.

"शिपाई! हजर." एक बारकी गेली.

"मोटर! हजर."

सरपंच म्हणजे साखरेची गोळी. अंगाने मोठी, घशात अडकून बसणारी, पण कामाला बरी. शिपाई रक्तदाबाची. दिसत नाही, बोलत नाही, पण एक दिवस आली नाही तर सगळं ऑफिस बसतं. मोटर ही लघवी वाढवणारी. ती घेतली की बाई तासभर घराबाहेर पडत नसत. आणि रात्री झोपताना घ्यायची कोलेस्टेरॉलची, तिचं नाव गुरखा.

"गोळ्या म्हंजे स्टाफ," त्यांनी मला समजावलं. "रोज हजेरी घेतली न्हाई की एकेक जन गायब व्हतो. मंग घाटी दवाखान्यात नेऊन टाकायची पाळी येती."

हा सगळा थाट स्वतःसाठी असेल असं मला काही दिवस वाटलं. तो नव्हता. तो बापूंसाठी होता.

बापू म्हणजे त्यांचे यजमान, वीज खात्यातले निवृत्त वायरमन. उंच, सडपातळ, बोलायला मऊ. उभ्या नोकरीत त्यांनी वादळात खांब चढले, चालू तारेला हात लावायची वेळ आली तेव्हा लावला, आणि हा माणूस इन्सुलिनच्या सुईला भ्यायचा. सुई केवढी, तर मुंगीच्या पायाएवढी. पण हजेरीत शेवटी "साहेब!" असा पुकारा झाला की बापू घरात नसत. साहेब हे इन्सुलिनचं नाव. येतो, टोचतो, जातो, आणि त्याला दारातून परत पाठवता येत नाही, म्हणून साहेब.

"वायरमन!" बाई वर बघून ओरडायच्या. रागावल्या की बापूंचं नाव वायरमन व्हायचं. "खाली या!"

गच्चीवरून मऊ आवाज यायचा, "वायर बघून राह्यलो, बाई. लूज वाटती."

"तुमचीच वायर लूज झाली. खाली या आधी."

बापू खाली यायचे, डोळे मिटायचे, बाई त्यांच्या पोटाची कातडी चिमटीत धरायच्या आणि सुई टोचायच्या. मग बापूंनी 'हजर' म्हणायचं. ते इतक्या हळू म्हणायचे की बाईंचं ठरलेलं उत्तर यायचं, "ऐकू न्हाई आलं." दुसऱ्यांदा ते थोडं मोठ्याने म्हणायचे. असं रोज. बापूंना नेहमी एखादी सबब हवी असे. आज भूकच नाही, मग सुई कशाला? आज पोट जड आहे, मग सुई कशाला? आज अमावस्या आहे, असंही एकदा म्हणाले. बाईंनी विचारलं, "अमावस्या कधीपासून पाळाया लागले तुम्ही?" बौद्ध घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि अमावस्या आठवली ती फक्त सुईपुरती. बापू ओशाळले आणि त्यांनी शर्ट वर केला.

बापूंची साखर गोळ्यांच्या हातची राहिली नव्हती. सुई सुटली तर हा माणूस राहणार नाही, हे बाईंना पक्कं माहीत होतं. त्या एकदा जिन्यात माझ्याशेजारी बसून म्हणाल्याही, "मला बाकी कशाचं भेव न्हाई पोरी. हा मानूस मला बुत्ता देऊन जाईल, त्याचंच भेव हाय." आणि लगेच उठून त्यांनी खालच्या नळाला शिव्या घातल्या.

आमच्या गल्लीत विरजण मागावं तशा गोळ्या मागत. समोरच्या इंदूकाकू, मूळच्या घनसावंगीकडच्या शेतकरी घरातल्या, मुलाच्या दुकानापायी शहरात आलेल्या, वाटी घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "मोठ्याबाई, बीपीची एखादी हाय का? माझी सरली." बाई वाटीत साखर घालून परत पाठवत. गोळी देत नसत. "माझा शिपाई तुमच्या शाळेत कसा चालंल?" म्हणत.

मग ती बारशाची बासुंदी आली. गल्लीच्या टोकाला बारसं होतं, बासुंदी उन्हात राहिली होती, आणि चव घेतलेल्यांपैकी कोणीच सुटलं नाही. सकाळी गल्लीत फक्त बादल्यांचे आणि कड्यांचे आवाज. मोठ्याबाईंना पहाटेपासून उलट्या आणि जुलाब. मला वाटलं, आज तरी थाळी वाजणार नाही.

वाजली. भिंतीला धरून बाई ओट्यावर आल्या. सरपंच, शिपाई, मोटर, सगळे हजर झाले. पाच मिनिटांत ते सगळे उलटीतून बाहेर आले. बाईंनी तोंड पुसलं आणि सगळ्यांना पुन्हा बोलावलं. "पळून जातेत व्हय?" असं म्हणून दुसऱ्यांदा गिळल्या. मी खाली धावले, म्हटलं, "बाई, आज राहू द्या, आधी डॉक्टरांना विचारू." त्या म्हणाल्या, "तीस वर्सांत एक नागा न्हाई माझा, आन् आज जुलाबापायी करू?" पाणी प्यायला मात्र तयार नव्हत्या, कारण पाणी प्यायलं की उलटी होते. मोटर आतून चालूच होती.

संध्याकाळी त्या ओट्यावर थाळी घ्यायला आल्या आणि उभ्याच्या उभ्या खाली बसल्या. थाळी हातातून सुटली आणि पायऱ्यांवरून घरंगळत पार गल्लीच्या नाल्यापर्यंत गेली. बापू "बाई! बाई!" करत धावले. मऊ बोलणाऱ्या त्या माणसाचा आवाज गल्लीने पहिल्यांदाच ऐकला. शेजारचे रशीदभाई ऑटो उलटा घेत दारात आले, "जल्दी, जल्दी बसा" म्हणाले, आणि आम्ही निघालो.

दवाखान्यात सलाईन लागली. रक्तदाब पार खाली गेला होता आणि किडन्यांचा रिपोर्ट वाईट होता. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, कपाळाला सतत आठी, बोलणं मोजकं. बाईंना थोडी शुद्ध आल्यावर त्यांनी विचारलं, "रोज कोणत्या गोळ्या घेता?"

"सरपंच, शिपाई, मोटर, गुरखा," बाई म्हणाल्या.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रुग्ण बरळतेय असं त्यांना वाटलं असणार. मी डबा पुढे केला आणि कोण कोण ते सांगितलं. मॅडमची आठी जागची हलली नाही.

"आजपण घेतल्या?"

"दोनदा. पैल्या पळाल्या."

"बाई, तुमच्याकडे शेती आहे?"

"माहेरी हाय."

"विहिरीचं पाणी तळाला गेलं की काय करतात?"

"मोटर बंद करतेत. न्हाई तर जळती."

"मग?"

बाईंनी डब्यातल्या मोटरकडे बघितलं.

मॅडमनी मग खुर्ची ओढली आणि नीट सांगितलं. उलट्या, जुलाब, ताप, खाणंपिणं बंद, असं काही झालं की अंगातलं पाणी कमी होतं. त्या वेळी मोटर, शिपाई आणि सरपंच हे रोजचे चांगले लोक किडनीवर उलटू शकतात. म्हणून अशा वेळी लगेच फोन करायचा. कोणाला थांबवायचं, किती दिवस, ते डॉक्टर सांगणार. उलटीतून पडलेली गोळी मनाने पुन्हा घ्यायची नाही. मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घोट घोट घेत राहायचं आणि साखर तपासत राहायची. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून आणून परस्पर खायची नाही. नीट खायला-प्यायला लागून एक-दोन दिवस झाले की पुन्हा विचारायचं आणि सगळं पूर्ववत सुरू करायचं.

"म्हंजे रजा," बाई म्हणाल्या.

"हो. रजा म्हणा."

"मंजूर कोन करनार?"

"मी. तुम्ही नाही."

"रुजू कधी, ते बी तुम्हीच सांगनार?"

"मीच. बऱ्याचदा लोक बंद केलेली गोळी परत सुरूच करत नाहीत. मग बीपी वाढून येतात इथं."

बाईंच्या सुकलेल्या तोंडावर हसू आलं. उभ्या जन्मात त्यांना आपल्या तोडीची मुख्याध्यापिका पहिल्यांदाच भेटत होती.

कॉटच्या पायथ्याशी बापू उभे होते. त्यांच्या डोळ्यांत फार दिवसांनी आशा दिसत होती. "मंग म्याडम," ते म्हणाले, "म्या आजारी पडलो, अन् पोटात अन्न न्हाई, तर माझ्या सुईला बी..."

"अजिबात नाही." मॅडम इतक्या झटकन म्हणाल्या की बापू मागे सरकले. "आजारपणात न खातासुद्धा साखर वाढते. इन्सुलिन पूर्ण बंद केलं तर जीव जातो. किती घ्यायचं ते साखर बघून मला विचारायचं. पण बंद नाही."

"आयकलं?" बाई उशीवरून म्हणाल्या. "साहेबाला रजा न्हाई."

बाई घरी आल्या, त्यांच्या किडन्या सुधारल्या, मॅडमच्या आज्ञेवरून आधी सरपंच, मग शिपाई आणि शेवटी मोटर रुजू झाली. प्रत्येकाच्या रुजू होण्याला ओट्यावरून वेगळी थाळी वाजली. इथवर ठीक होतं. पण आमच्या गल्लीला गोष्ट अर्धी ऐकायची आणि पुरी सांगायची सवय. मोठ्याबाईंनी गोळ्या बंद केल्या आणि बाई बऱ्या झाल्या, एवढंच लोकांनी उचललं. शाळेला मुख्याध्यापकाने सुट्टी दिली की सगळ्या वर्गांना सुट्टी, तसं झालं. इंदूकाकूंना चार शिंका आल्या तर त्यांनी थायरॉइडची गोळी बंद केली. कोपऱ्यावरच्या आजोबांचा गुडघा दुखला म्हणून त्यांनी झटक्यांच्या गोळीला सुट्टी दिली. "रजेवर हाय," लोक एकमेकांना सांगायचे आणि हसायचे. बाईंना यातलं बरंचसं ठाऊक नव्हतं. लोक त्यांच्यासमोर शहाणे असायचे.

त्याच दिवसांत कुंभार पिंपळगावच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मेळावा ठेवला. मोठ्याबाईंना सत्काराला बोलावलं आणि मलाही. जायच्या आधी बाईंनी सुई कशी द्यायची ते इंदूकाकूंना दाखवलं आणि बापूंना दम भरला. मेळावा रंगला. पोटदुखीचे गुरुजीही आले होते. बाईंनी भाषणात त्यांच्या पोटाची चौकशी केली आणि मांडव हसून लोळला. रात्री आम्ही तिथेच राहिलो. बापूंना फोन केला तर ते म्हणाले, "सगळं बराबर हाय." आवाज नेहमीसारखाच मऊ होता, त्यातून काही कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गल्लीत शिरलो आणि बाई एकदम थांबल्या. घरासमोर चपलांचा ढीग पडला होता. आपल्याकडे दारात एवढ्या चपला दोनच वेळा दिसतात, आणि त्यातली एक वेळ बारशाची असते. बाईंच्या हातातला सत्काराचा नारळ खाली पडला. त्या पळाल्या. त्या वयात, त्या गुडघ्यांवर.

आत गल्ली बसली होती. आजाऱ्याला भेटायला यायचं, चहा घ्यायचा, बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायचा आणि एक सल्ला देऊन जायचं, हा आमचा रिवाज आहे. बापू कॉटवर होते. आम्ही गेलो त्या दुपारपासून त्यांना ताप आणि जुलाब होते. पोटात काही ठरत नव्हतं.

"मला काहून कळवलं न्हाई?" बाईंनी इंदूकाकूंना विचारलं.

"बापूच नको म्हनले. तुमचा सत्कार व्हता ना."

"आन् साहेब?"

सगळे चहाच्या कपात बघू लागले. बापूच क्षीण आवाजात म्हणाले, "सायबाला रजा दिली, बाई. कालपासून."

"कोनी दिली?"

"सगळेच म्हनले. पोटात अन्न न्हाई, मंग सुई कशाला? तुमाला बी तं डॉक्टरनी..."

बाईंनी त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. नासलेल्या फळासारखा वास येत होता. श्वास खोल आणि भराभरा चालला होता. बोटाला सुई टोचून यंत्र लावलं तर यंत्राने आकडाच दाखवला नाही, साखर त्याच्या मापाबाहेर गेली होती. मी मॅडमना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता आणा."

बाईंनी कोपऱ्यातली थाळी उचलली आणि भिंतीवर अशी आपटली की अख्खी खोली उभी राहिली. "निघा! शाळा सुटली!" लोक चपलांवर पडत झडत बाहेर गेले. कोणाची कोणाच्या पायात गेली. रशीदभाईंनी ऑटो काढला. ऑटोत बापूंचं डोकं मांडीवर घेऊन बाई सगळ्या रस्त्याने त्यांना शिव्या देत होत्या. वायरमन, डोळे उघडा. वायरमन, माझ्याकडं बघा. चालू तार धरनारा मानूस तू, आन् मुंगीएवढ्या सुईला भेतो? मी त्यांच्या तोंडून बापूंना 'तू' म्हटलेलं तेवढंच एकदा ऐकलं. शिव्या देताना त्यांचा हात बापूंच्या कपाळावरून फिरत होता.

बापूंना काचेच्या खोलीत नेलं. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "फार उशीर केलात. आता सांगता येत नाही." बाई बाकावर बसल्या. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. रात्र व्हायला लागली तशी नर्स म्हणाली, "आजी, तुम्ही घरी जा, इथे थांबून काय करणार?"

"ह्यांची रजा मंजूर न्हाई," बाई म्हणाल्या. "मी बसते इथं."

आणि बसल्या. मी चहा आणला तो तसाच गार झाला. रडल्या नाहीत. पण मला त्या वेळी त्या पहिल्यांदा म्हाताऱ्या दिसल्या, आणि मला फार भीती वाटली.

बापू वाचले. शुद्धीवर आल्यावर ते पहिलं काय बोलले, तर काचेपलीकडून बाईंना बघून त्यांनी ओठ हलवले. बाईंनी कानामागे हात धरला, ऐकू न्हाई आलं अशी खूण केली. बापूंनी पुन्हा ओठ हलवले. 'हजर' म्हणत होते. तेव्हा मात्र बाई पदरात तोंड घालून रडल्या, चांगल्या मोठ्याने, नर्सने येऊन गप्प करीपर्यंत.

घरी आल्यावर त्यांनी गल्ली ओट्यासमोर उभी केली. सगळे खाली माना घालून उभे, इंदूकाकू तर पदराचं टोक चावत. "माझ्या गोळ्या थांबवल्या त्या डॉक्टरनं," बाई म्हणाल्या. "माझ्या. माझा रिपोर्ट बघून. तुमाला कोनी दिली रजा? तुमची तुम्हीच? उद्या तुमच्या पोरांनी अशी रजा घेतली तर माझ्याकडंच येता ना बोंबलत?" मग त्यांनी एकेकाला विचारलं, काय बंद केलंय. आजोबांनी चाचरत झटक्यांच्या गोळीचं सांगितलं तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला आणि त्यांना त्याच पावली रशीदभाईंच्या ऑटोत बसवलं. उरलेल्यांना म्हणाल्या, "ज्याचा डॉक्टर जो हाय, त्याला इचारून जल्दी रुजू करा. बिलकुल मनानं करू नका. चला, पळा."

बापूंची शिक्षा वेगळी होती. त्यांनी स्वतः सुई घ्यायला शिकायचं.

"तुम्ही हायेत की, बाई."

"मी मेले तर?"

"तुम्ही कशाला मरसाल?"

"बरं, रजेवर गेले तर?"

सराव सुरू झाला मोसंबीवर. आमच्या जिल्ह्यात मोसंबीला तोटा नाही. बापू ओट्यावर बसून मोसंबी चिमटीत धरायचे, डोळे मिटायचे आणि साध्या पाण्याची सुई टोचायचे. बाई म्हणायच्या, "डोळे उघडून. मोसंबी काय चावती का?" त्या दिवसांत गल्लीत कोणी मोसंबी दिली तर ती आधी उजेडात धरून बघावी लागे. शेवटी एका सकाळी बापूंनी स्वतःचं पोट चिमटीत धरलं, डोळे उघडे ठेवले आणि टोचलं. मग इतके खूश झाले की सुई हातात घेऊनच गच्चीवर गेले आणि खरोखर वायर बघून आले.

पुढे माझी बदली भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईला झाली. जायच्या सकाळी मी पिशव्या घेऊन जिना उतरले तर ओट्यावर बाई नव्हत्या. त्यांना ताप होता, आदल्या रात्रीच मॅडमना फोन झाला होता, मोटर आणि शिपायाला दोन दिवसांची रजा मंजूर झाली होती. थाळी बापूंच्या हातात होती. त्यांनी ती भीत भीत वाजवली. "मोटर, रजेवर. शिपाई, रजेवर." मग गळा खाकरून, "साहेब!" शर्ट वर केला, टोचलं, आणि हळूच म्हणाले, "हजर."

खिडकीतून आतली कॉट दिसत होती. रजई डोक्यावर घेतलेलं ते एवढंसं मुटकुळं. त्यातून आवाज आला, "ऐकू न्हाई आलं."

"हजर!"

रजईतून हात बाहेर आला आणि त्याने मला, जा आता, अशी खूण केली. मी बाईंना शेवटचं पाहिलं ते तेवढंच, एक हात.

त्या ताप उतरून बऱ्या झाल्या, त्यांचा सगळा स्टाफ रुजू झाला. त्या गेल्या पुढच्या थंडीत, झोपेत, कुठलीही गोळी न चुकवता. बातमी पोचून मी निघेपर्यंत सगळं उरकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीत शिरले. दारासमोर चपला होत्या, विहारातली माणसं, शेजारी, सगळे बसलेले. कोणीतरी बापूंना म्हणत होतं की दोन दिवस पोटात अन्नाचा कण नाही, आज राहू द्या. बापू उठले, आतून साखर तपासायचं यंत्र आणलं, बोट टोचून आकडा बघितला, मॅडमना फोन लावून किती घेऊ ते विचारलं, मग थाळी घेऊन ओट्यावर आले.

"साहेब!"

सुई घेतली. आणि "हजर!" असे ओरडले, पहिल्याच खेपेला, इतक्या मोठ्याने की दुकानांपुढच्या पोत्यांवरची कबुतरं उडाली. मग ते तसेच उभे राहिले, थोडा वेळ, घराच्या दाराकडे कान देऊन.